कुटुंबात खेळण्यासाठी टाइल्स मांडण्याचा हलका खेळ कोणता घ्यावा?

धरमपेठकरीण:

मे महिन्यात नागपुरात सकाळी दहा-अकरानंतर मुलांना घराबाहेर सोडता येत नाही, आणि विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडत असल्यामुळे दुपारचे सगळे तास कूलरसमोर काढावे लागतात. पत्ते, कॅरम आणि ल्यूडो यांत मुलांचे मन आता रमत नाही. एकेक टाइल जोडत पट तयार होत जातो असे जे खेळ आहेत, त्यांपैकी एखादा घ्यावा असा विचार आहे. आमच्याकडे सात वर्षांची मुलगी, बारा वर्षांचा मुलगा, आम्ही दोघे आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे पाच जण खेळणारे आहेत. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, मात्र रमीत त्या कोणाला जिंकू देत नाहीत, त्यामुळे फार बाळबोध खेळ त्यांना चालणार नाही. डाव तासाभरात संपावा, मध्येच कोणी बाद होऊन बसू नये आणि सगळेच फाशांवर अवलंबून नसावे, एवढ्याच अपेक्षा आहेत. कार्कासॉन, किंगडोमिनो, क्वर्कल आणि अझुल ही नावे वाचनात आली आहेत. ज्यांनी हे खेळ घरी खेळले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

फुटाळाकाठी:

तुमच्या यादीतील पहिलाच खेळ मी सुचवेन, आणि त्याचे पहिले कारण अगदी साधे आहे. किंगडोमिनो, क्वर्कल आणि अझुल हे तिन्ही खेळ दोन ते चार जणांसाठी आहेत. कार्कासॉन मात्र मूळ पेटीतच पाच जणांना खेळता येतो. पाचव्याला ‘तू पुढच्या डावाला’ असे सांगून बसवून ठेवले की काय होते, हे लहान मुले असलेल्या घराला वेगळे सांगायला नको.

क्लाउस-युर्गेन व्रेडे या जर्मन रचनाकाराचा हा खेळ २००० साली प्रसिद्ध झाला आणि २००१ साली त्याला जर्मनीतील ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. दक्षिण फ्रान्समधील तटबंदीच्या जुन्या शहराचे नाव त्याला दिलेले आहे. पेटीत ७२ चौकोनी टाइल्स असतात आणि त्यांवर तटबंदीचे नगर, रस्ता, मठ आणि शेत यांचे तुकडे छापलेले असतात. आपल्या पाळीला एक टाइल काढायची, रस्त्याला रस्ता, नगराला नगर आणि शेताला शेत जुळेल अशी ती आधीच्या टाइलला लावायची, आणि वाटल्यास त्याच टाइलवर आपली एक सोंगटी ठेवायची. रस्ता पूर्ण झाला की दर टाइलला एक गुण मिळतो. नगर पूर्ण झाले की दर टाइलला दोन आणि त्यातील प्रत्येक ढालीच्या चिन्हाला आणखी दोन. मठाभोवतीच्या आठही जागा भरल्या की मठाचे नऊ. म्हणजे एक ढाल असलेले चार टाइल्सचे नगर बंद झाले तर दहा गुण होतात, आणि डाव संपेपर्यंत ते उघडेच राहिले तर फक्त पाच. कोठेही काही वाचावे लागत नाही, त्यामुळे तुमच्या सासूबाईंची अडचण होणार नाही.

एवढेच असते तर हा जोडचित्रांचाच एक प्रकार ठरला असता. त्यात बुद्धी लागते ती सोंगट्यांच्या टंचाईमुळे. प्रत्येकाकडे खेळण्यासाठी सातच सोंगट्या असतात (आठवी गुणफलकावर फिरते), आणि ठेवलेली सोंगटी त्या ठिकाणाचे गुण मिळाल्याशिवाय परत येत नाही. सुरुवातीच्या उत्साहात सगळ्या सोंगट्या मठांत आणि मोठ्या नगरांत अडकवून ठेवणारा खेळाडू पुढे चांगली टाइल येऊनही हात चोळत बसतो. दुसऱ्याच्या नगरात थेट सोंगटी ठेवता येत नाही. मात्र शेजारी आपले वेगळे नगर सुरू करून नंतर एखाद्या टाइलने दोन्ही जोडता येतात, आणि तेव्हा सोंगट्या सारख्या असतील तर दोघांनाही पूर्ण गुण मिळतात. गुणांची वाटणी होत नाही. या एका तरतुदीमुळे भावंडे भांडता भांडता एकमेकांची नगरे पूर्ण करायला लागतात.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. मूळ नियमांनुसार काढलेली टाइल इतरांना दाखवायची असते, म्हणजे ती कोठे लावावी याचा सल्ला त्यांना देता येतो. सल्ला देणे ही येथे लुडबुड नाही, तो खेळाचाच भाग आहे. माझ्या मते कुटुंबासाठी हा खेळ इतका योग्य ठरण्याचे खरे कारण तेच आहे. सात वर्षांच्या मुलीला कोणी तरी मदत केली म्हणून दुसरा ‘हे चालणार नाही’ असे म्हणू शकत नाही, आणि मदत करणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ त्या सल्ल्यात कोठे दडलेला आहे, हे ओळखण्यात मोठ्यांचा वेळ चांगला जातो.

आकडेमोड:

वरील प्रतिसादाशी मी बराचसा सहमत आहे, परंतु ‘पाच जणांना खेळता येतो’ या वाक्याला थोडी पुस्ती जोडायला हवी. ७२ पैकी एक टाइल आरंभाची म्हणून आधीच मांडलेली असते. उरलेल्या ७१ पाच जणांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चौदा पाळ्या येतात, आणि दोन पाळ्यांच्या मध्ये चार जणांचे विचारमंथन ऐकावे लागते. चौदा पाळ्यांत सात-आठ टाइल्सचे नगर बांधायला निघणे म्हणजे इतरांच्या मेहेरबानीवर घर बांधण्यासारखे आहे. पाच जणांच्या डावात तीन-चार टाइल्सची नगरे, छोटे रस्ते आणि सोंगट्या लवकर मोकळ्या करणे हेच धोरण चालते. दोघांच्या डावात मात्र प्रत्येकाला पस्तीसेक टाइल्स मिळतात आणि तो खेळ पूर्णपणे निराळा, बराच कडवा होतो. जर्मनीत भरणाऱ्या जागतिक स्पर्धेतही दोघांचाच सामना असतो.

ज्यांना रमी चांगली जमते त्यांना या खेळात गोडी लागते, कारण कोणती टाइल निघून गेली आणि कोणती शिल्लक आहे हे लक्षात ठेवण्याचा येथे उपयोग होतो. मूळ ७२ टाइल्सपुरते सांगायचे तर चारही बाजूंना नगर असलेली टाइल एकच आहे. तीन बाजूंना नगर आणि चौथ्या बाजूला शेत अशा चार आहेत, आणि चौथ्या बाजूला रस्ता अशा तीन. चार रस्त्यांचा चौक एकच आहे. मठ एकूण सहा असून त्यांपैकी दोघांना रस्ता येऊन मिळतो. याउलट सरळ रस्त्याच्या आठ आणि वळणाच्या नऊ टाइल्स आहेत, त्यामुळे रस्ता सहसा अडकत नाही. समजा, एखाद्या रिकाम्या जागेच्या तीन बाजूंना नगर आणि एका बाजूला रस्ता आला आहे, आणि त्या तीनही टाइल्स निघून गेल्या आहेत. तर ती जागा आता कधीच भरणार नाही आणि तेथील सोंगट्या शेवटपर्यंत अडकल्या. प्रतिस्पर्ध्याच्या नगराशेजारी मुद्दाम अशी जागा तयार करणे हा अनुभवी खेळाडूंचा आवडता डाव आहे. सात वर्षांच्या मुलीवर तो वापरू नये, एवढे तारतम्य घरातील मोठ्यांनी बाळगावे. बारा वर्षांच्या मुलावर खुशाल वापरावा.

मनीषनगर:

माझे मत वेगळे आहे. सात वर्षांच्या मुलीचा विचार आधी करायचा असेल तर किंगडोमिनोपासून सुरुवात करावी. ब्रूनो कथाला यांचा हा खेळ २०१६ साली आला आणि २०१७ साली त्यालाही तोच जर्मन पुरस्कार मिळाला. पेटीवर आठ वर्षे वय लिहिलेले असले तरी त्याआधीही मुले तो सहज शिकतात. यात डोमिनोसारख्या दोन घरांच्या ४८ पट्ट्या असतात आणि प्रत्येक जण स्वतःसमोर, आपल्या किल्ल्याभोवती, पाच बाय पाच घरांचे राज्य मांडतो. किल्ल्याचे एक घर सोडले तर चोवीस घरे उरतात आणि बारा फेऱ्यांत बारा पट्ट्या येतात, म्हणजे नीट मांडणी केली तर राज्य तंतोतंत भरते. एकाच प्रकारच्या सलग घरांची संख्या गुणिले त्यांवरील मुकुटांची संख्या, असे गुण काढायचे असल्यामुळे पाढ्यांची उजळणीही होते. मुकुट नसेल तर दहा घरांच्या जंगलालाही शून्य गुण मिळतात, आणि हा धक्का मुलांना एकदाच बसतो.

निवडीची पद्धत मला विशेष आवडते. पट्ट्यांच्या पाठीवर क्रमांक असतात आणि साधारणपणे मोठ्या क्रमांकाची पट्टी अधिक मोलाची असते. परंतु मोठ्या क्रमांकाची पट्टी उचलणाऱ्याला पुढच्या फेरीत सगळ्यांत शेवटी निवड करावी लागते. आजचा फायदा की उद्याचा पहिला मान, हा प्रश्न लहान मुलालाही कळतो. पंधरा-वीस मिनिटांत डाव आटोपतो. मुख्य म्हणजे कोणी कोणाच्या राज्यात घुसत नाही. कार्कासॉनमध्ये दादाने नगर जोडून घेतले की जी रडारड होते, तिची येथे शक्यता नाही. पाच जणांची अडचण मान्य आहे. ‘एज ऑफ जायंट्स’ नावाची पुरवणी घेतली तर पाचवा खेळाडू सामावतो, पण त्यासाठी वेगळा खर्च करावा लागतो.

फुटाळाकाठी:

रडारड होऊ नये म्हणून कोणी कोणाच्या वाटेला न जाणारा खेळ निवडावा, हा विचार मला पटत नाही. आपण सगळ्यांनी लहानपणी अष्टाचंगा खेळताना एकमेकांच्या सोंगट्या मारल्याच होत्या. सगळ्यांचा मिळून एकच पट असणे हेच कार्कासॉनचे बलस्थान आहे. किंगडोमिनोत प्रत्येक जण मान खाली घालून आपापल्या चौकोनात गुंग असतो, आणि शेजारच्याने काय केले हे शेवटी गुण मोजतानाच कळते. मुलगी फारच लहान असती, म्हणजे चार-पाच वर्षांची, तर मी कार्कासॉनचीच मुलांसाठीची छोटी आवृत्ती सुचवली असती. तिच्यात ३६ टाइल्स असून कोणतीही टाइल कोणत्याही टाइलला जुळते, आणि ज्याच्या आठही सोंगट्या आधी पटावर जातात तो जिंकतो. सात वर्षांच्या मुलीला तिची गरज नाही.

बुटीबोरी:

शेतकऱ्यांच्या नियमाबद्दल अजून कोणीच लिहिले नाही, आणि नवीन कुटुंबे नेमकी तेथेच अडखळतात. टाइलवरील हिरव्या भागात सोंगटी आडवी ठेवली की ती शेतकरी होते. ती डाव संपेपर्यंत उठत नाही, आणि शेवटी त्या सलग शेताला लागून असलेल्या प्रत्येक पूर्ण नगरामागे तीन गुण मिळतात. एखाद्या शेताला पाच पूर्ण नगरे लागली तर पंधरा गुण एकदम येतात. शेताची हद्द रस्ते आणि तटबंदी ठरवतात, परंतु पट मोठा झाला की ती हद्द डोळ्यांनी शोधणे कठीण जाते, आणि ज्याने नियम समजावून सांगितला तोच शेवटी जिंकतो. हे घरात चांगले दिसत नाही.

माझा आग्रह असा आहे की सुरुवातीला शेतकरी पूर्णपणे वगळावा. रस्ता, नगर आणि मठ यांवर पुरेसा चांगला खेळ होतो. मुले सोंगट्या वेळेवर सोडवायला शिकली की मग शेतकरी आणावा. इंटरनेटवर जुने नियम वाचताना एक सावधगिरी बाळगावी: पहिल्या आवृत्तीत शेतकऱ्यांचा हिशेब वेगळा होता आणि दोन टाइल्सच्या नगराला दोनच गुण मिळत असत. आता तसे नगर चार गुणांचे आहे. घरात दोन जणांनी दोन ठिकाणचे नियम वाचले की वाद ठरलेलाच, म्हणून पेटीतील पुस्तिका प्रमाण मानावी.

आकडेमोड:

शेतकरी वगळायला माझा विरोध आहे. तो काढला की छोटी नगरे भराभर बंद करत राहणे हाच एक मार्ग उरतो आणि खेळ पातळ होतो. शेतकरी असला तर प्रत्येक नगर बंद करताना ‘याचा फायदा शेतात आडव्या पडलेल्या कोणाला होईल’ हा विचार करावा लागतो. मधला मार्ग आहे. नव्या आवृत्तीच्या पेटीत नदीच्या बारा टाइल्स येतात. डावाची सुरुवात एका टाइलऐवजी त्या नदीने केली की पट सुरुवातीपासूनच पसरतो आणि शेते दुभंगतात, त्यामुळे कोणा एकाला सगळे शेत बळकावता येत नाही. नदी मांडायला मुलांनाही आवडते.

बुटीबोरी:

नदीची सूचना चांगली आहे, ती मान्य. तरीही पहिल्या आठवड्यात शेतकरी नको, या मतावर मी ठाम आहे.

धरमपेठकरीण:

सर्वांचे आभार. पाच जणांचा मुद्दा आमच्यासाठी निर्णायक आहे, त्यामुळे कार्कासॉन घ्यायचे ठरवत आहोत. एक व्यावहारिक शंका आहे. आमच्याकडे दुपारी कूलर सतत चालू असतो. टाइल्स पुठ्ठ्याच्या आहेत असे दिसते. त्या दमट हवेत टिकतील का? आणि ऑनलाइन घेताना काय बघावे?

वाळ्याची ताटी:

टाइल्सचा पुठ्ठा जाड असतो, त्यामुळे कूलरच्या वाऱ्याने त्या उडत नाहीत. खरा शत्रू आहे तो ओलावा. कूलरच्या थेट झोतात रोज दुपारी मांडून ठेवलेल्या टाइल्स हळूहळू फुगतात, कडांचे थर सुटू लागतात आणि काही टाइल्सना बाक येतो. पट झोताच्या रेषेत न मांडता बाजूला मांडावा, खेळ संपल्यावर टाइल्स तेथेच न सोडता पेटीत भराव्यात, आणि बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या दोन-तीन पुड्या पेटीत टाकाव्यात. पावसाळ्यात त्यांचा आणखी उपयोग होतो. संत्रा बर्फीचे हात पुसल्याशिवाय टाइलला लावू नयेत, असा नियम आमच्या घरी पोट्ट्यांनीच केला आहे.

खरेदीबद्दल सांगायचे तर फारच स्वस्त मिळणाऱ्या पेटीपासून दूर राहावे. या खेळांच्या नकला बाजारात येतात. मी एकदा एका विक्रेत्याकडून घेतलेल्या पेटीत काही टाइल्सच्या पाठीचा रंग इतरांपेक्षा फिका होता, आणि त्या नेमक्या कोणत्या हे मुलांना लवकरच पाठ झाले. पालथ्या ठेवलेल्या टाइल्समधून निवडण्यात मग काही अर्थ उरला नाही. त्यावर उपाय म्हणून जुन्या पडद्याच्या कापडाची खोल पिशवी शिवली आणि टाइल न बघता तिच्यातून काढायला सुरुवात केली. चांगल्या पेटीसाठीही मी पिशवीच सुचवेन, कारण ढिगारे रचण्याचा वेळ वाचतो आणि सतरंजीवर जागाही कमी लागते. पट जमिनीवरच मांडावा. चौघांच्या जेवणाच्या टेबलावर ताटल्या हलवूनही तो कधी कधी मावत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना खाली बसणे जमत नसेल तर दिवाणावर प्लायवूडचा तुकडा ठेवावा.

सक्करदरा:

धाग्याचा निर्णय झालेला दिसतो, तरी क्वर्कलसाठी दोन शब्द. लाकडी १०८ टाइल्स, सहा रंग आणि सहा आकार, प्रत्येक जोडीच्या तीन प्रती. एका ओळीत सगळे एकाच रंगाचे किंवा सगळे एकाच आकाराचे असावे लागतात, पण तीच टाइल पुन्हा येता कामा नये, आणि सहाची ओळ पूर्ण केली की बारा गुण मिळतात. रमी येणाऱ्या व्यक्तीला हा खेळ शिकवावाच लागत नाही. लाकूड असल्यामुळे कूलरचीही चिंता नाही. फक्त लाल आणि नारिंगी टाइल्स रात्रीच्या मंद दिव्यात सारख्या दिसतात, तेव्हा उजेड भरपूर ठेवावा. अझुल मात्र तुमच्या मुलीला अजून दोन वर्षे देऊ नका. खेळ उत्तम आहे, पण उरलेल्या टाइल्स पदरात पडून उणे गुण होतात तेव्हा लहान मुले खट्टू होतात.

धरमपेठकरीण:

पेटी आली आणि खेळ सुरू झाला. नदी मांडतो, शेतकरी अजून आणलेला नाही. सल्ल्याच्या नियमाबद्दल येथे लिहिले होते ते अगदी खरे निघाले. मुलगी टाइल काढते आणि चारही बाजूंनी सूचनांचा भडिमार होतो. मुलाने आजीला फार प्रेमाने एक जागा सुचवली, तेव्हा सासूबाईंनी चष्मा वर करून विचारले, “मले सल्ला देऊन राह्यला, का तुह्या नगराले दार लावून राह्यला?” तेव्हापासून त्या सगळ्यांचे सल्ले नीट ऐकून घेतात आणि टाइल तिसऱ्याच ठिकाणी लावतात.

एक वाद मात्र मिटत नाही. काल मुलाच्या सातही सोंगट्या पटावर अडकल्या होत्या. त्याने रस्ता येऊन मिळणारा मठ काढला आणि तो अशा ठिकाणी लावला की त्याचाच रस्ता पूर्ण झाला. रस्त्यावरची सोंगटी मोकळी झाली म्हणून ती लगेच मठात ठेवतो, असे त्याचे म्हणणे होते. सासूबाई म्हणाल्या की आधीच हातात नव्हती ती सोंगटी ठेवणार कोठून. पुस्तिकेत दोन्ही बाजूंना आपापला अर्थ सापडतो आहे.

आकडेमोड:

सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे. पाळीचा क्रम ठरलेला आहे: आधी टाइल लावायची, मग सोंगटी ठेवायची असल्यास ठेवायची, आणि त्यानंतरच पूर्ण झालेल्या गोष्टींचे गुण मोजून सोंगट्या परत घ्यायच्या. सोंगटी ठेवण्याच्या वेळी हातात एकही नव्हती, म्हणून तो मठ रिकामाच राहील, आणि रस्त्यावरून परत आलेली सोंगटी पुढच्या पाळीतील टाइलवरच ठेवता येईल. आधीच्या टाइलवर मागाहून सोंगटी ठेवता येत नाही. उलट प्रसंग मात्र चालतो: हातात एक सोंगटी शिल्लक असेल आणि लावलेल्या टाइलने कोणाचीही सोंगटी नसलेला रस्ता पूर्ण होत असेल, तर ती त्यावर ठेवून, गुण घेऊन, त्याच पाळीत परत उचलता येते. मुलाला हे दाखवा, म्हणजे पुढच्या वेळी तो एक सोंगटी राखून ठेवील.